ओसरीवरून : चंद्रकळा की आलवण?

आमच्या घरातील एका मुलीने, नात्याने ती आमची पुतणी, पाच वर्षांपूर्वी कॅमेरा गळ्यात अडकवून पुण्यातील पेठा पायांखाली घालण्यास आरंभ केला, तेव्हा घरातील वडील मंडळींनी पुष्कळ आक्षेप घेतले होते. शिकलीसवरलेली मुलगी मंडईत आणि बोहरी आळीत उन्हातान्हाची उभी राहून परक्यांच्या तोंडांकडे टक लावून पाहते, हे काय म्हणावे? परंतु चित्रे चांगली निघू लागली आणि आक्षेप आपोआप मावळले. तीन वर्षे तिने केवळ कृष्णधवल चित्रे काढली. तांबट आळीतील ठोक्याबरोबर उडालेला हात, तुळशीबागेच्या तोंडाशी पावसात अडकलेली गर्दी, पहाटेच्या मंडईत पोत्यावर निजलेला हमाल, अशी काही चित्रे आमच्या माजघरातील भिंतीवर आजही आहेत आणि पाहुणा आला की वडील मंडळीच ती कौतुकाने दाखवितात.

गेल्या पाडव्याच्या आदल्या पाडव्यास तिने जाहीर केले की, आता येथून पुढे रंगीतच चित्रे काढावयाची. ह्या वेळी आक्षेप घेणारे आम्ही एकटेच होतो. रंग हा दिनदर्शिकेचा आणि मिठाईच्या पेटीचा धर्म आहे. ज्यास माणूस पाहावयाचा आहे त्याने छायाप्रकाशातच राहावे, असे आमचे तेव्हाचे मत होते व ते आम्ही पुरेशा जोराने मांडले. आधारास वॉकर इव्हान्स ह्या अमेरिकन प्रकाशचित्रकाराचे नावही आम्ही पुढे केले, कारण त्याने १९६९ मध्ये रंगीत प्रकाशचित्रण हे ग्राम्य होय असा निवाडा दिला होता. तोच गृहस्थ चार वर्षांनी, १९७३ मध्ये, पोलरॉइडचा कॅमेरा घेऊन मोठ्या हौसेने रंगीत चित्रे काढू लागला, हे मात्र आम्ही सोयीस्करपणे सांगितले नाही. तो आक्षेप आज मागे घ्यावयाचा आहे, म्हणूनच हा मजकूर.

पहिले चारपाच महिने आमचाच पक्ष खरा ठरतो आहे असे दिसत होते. तीच मुलगी, तेच रस्ते, तोच कॅमेरा. परंतु चित्र म्हणून हाती यावे ते लुगड्यांच्या दुकानासारखे. कृष्णधवल चित्रात म्हाताऱ्या बोहाऱ्याचा चेहरा हा चित्राचा राजा असे; मागची प्लास्टिकची बादली बिचारी करड्या रंगात मिसळून गप्प बसे. रंग येताच ती नारिंगी बादलीच राजा झाली आणि म्हातारा तिचा चाकर. एका ठिकाणी पिवळा फलक, दुसऱ्या ठिकाणी जांभळी छत्री, तिसऱ्या ठिकाणी एखाद्या पोराचा भडक सदरा. प्रत्येकजण डोळ्यास आपल्याकडे ओढतो आहे आणि जे सांगावयाचे ते कोठेच नाही. त्यातून आपल्या बाजारांवरील त्या निळ्या ताडपत्र्या! त्यांखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळसर पडतो. आपल्या डोळ्यांस ते कळत नाही, कारण डोळ्यामागचा मेंदू मनुष्याची कातडी कशी असावी हे जाणून परस्पर दुरुस्ती करून घेतो. कॅमेऱ्यास ही भीडमुर्वत नाही. त्याची स्वयंचलित दुरुस्ती चालू ठेवावी तर चेहरा कसाबसा सावरतो, पण मागचे ऊन पिवळेधमक होते. टोमॅटोवाला तांबूस कापड बांधून आपला माल अधिक पिकलेला दाखवितो, ही युक्ती आम्ही पन्नास वर्षे मंडईत जाऊन कधी ओळखली नव्हती. ती ह्या मुलीच्या फसलेल्या चित्रांमुळे आम्हांस कळली.

ती खट्टू झाली होती. श्रावण लागता लागता तिने आपण होऊन आम्हांस म्हटले, “काका, तुमचे खरे होते. परत काळ्यापांढऱ्याकडे जाते.” आम्ही जिंकलो होतो, आणि खरे सांगावयाचे तर मनात सुखावलोही होतो.

त्याच पंधरवड्यात पोटमाळा गळू लागल्यामुळे जुन्या ट्रंका खाली काढाव्या लागल्या. एका ट्रंकेत आमच्या आजोबांच्या वेळचे, वाड्याच्या चौकात काढलेले सर्व कुटुंबाचे एक छायाचित्र निघाले. पागोटी, उपरणी, मांडीवरची मुले, आणि अगदी मागे, दाराच्या चौकटीशी, डोक्यावरून पदर घेतलेली एक तरुण स्त्री. ती आमच्या वडिलांची आत्या. तिला लहान वयात वैधव्य आले हे घरात सर्वांस ठाऊक आहे. कोणत्या साली ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने ‘पौष’ एवढाच शब्द आहे. तिच्या अंगावरचे लुगडे गडद, जवळजवळ काळे दिसते. पौषात संक्रांत येते, तेव्हा ही नव्या सुनेची काळी चंद्रकळा असावी, असे आमच्या वहिनी म्हणाल्या. आमच्या मातुःश्रींनी, त्यांचे वय आता ९१ आहे, चित्र डोळ्यांजवळ नेले आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आणि आलवण असले तर?”

कपाळ पदराच्या सावलीत आहे, हात पुढच्या माणसांच्या आड आहेत. कुंकू नाही की दिसत नाही हे समजण्यास मार्ग नाही. त्यावर पुतणीने जे समजावून सांगितले ते आम्ही जन्मभर छायाचित्रे पाहूनही कधी लक्षात घेतले नव्हते. त्या काळच्या सामान्य काचेस निळा प्रकाश चटकन कळे. तांबडा जवळजवळ कळतच नसे. म्हणून तर छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून निर्धास्तपणे काचा धूत असत. ज्या काचेस तांबडा प्रकाश दिसत नाही, तिच्या लेखी तांबडी वस्तू काळीच. जुन्या चित्रांतून आपल्या आज्यापणज्यांचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच. आणि म्हणूनच पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा व विधवेचे तांबडे आलवण ही त्या काचेवर एकच झाली. एका बाईच्या आयुष्यातील अत्यंत लाडाचा दिवस आणि अत्यंत हालाचा काळ ह्यांत चित्राने काही भेद ठेवलेला नाही.

घरातील एका तरुणाने ते चित्र, संगणक आपोआप रंग भरतो त्या युक्तीखाली घातले. अर्ध्या मिनिटात यंत्राने आत्याआजींस छानसे निळे लुगडे नेसविले. मुले हसली. मातुःश्री हसल्या नाहीत. यंत्रास ठाऊक नव्हते हा त्याचा दोष नव्हे. परंतु ठाऊक नसताना त्याने इतक्या निश्चयाने सांगावे हे आम्हांसही बोचले. मूळ चित्र आम्ही तसेच काळेपांढरे चौकटीत बसवून घेतले आहे.

त्या रात्री पुतणीने परत काळ्यापांढऱ्याकडे जाण्याचा बेत रद्द केला, आणि आम्ही आमचा आक्षेप. रंग हा चित्रावर चढविलेला दागिना आहे ह्या समजुतीवर आमचा सारा युक्तिवाद उभा होता. ज्या समाजात हिरवा चुडा, पिवळे वस्त्र, पांढरे कपाळ, काळी चंद्रकळा ह्यांतील प्रत्येक गोष्ट माणसाविषयी एकेक वाक्य बोलते, तेथे रंग काढून घेणे म्हणजे मजकुरातील शब्द खोडणे होय. तिच्या आरंभीच्या चित्रांत दोष रंगांचा नव्हता. त्यांत शब्द पुष्कळ होते व वाक्य एकही नव्हते.

मग वाक्य जुळवावे कसे? ह्या प्रश्नासाठी तिच्या संग्रहातील पुस्तके आम्हीही चाळू लागलो. रस्त्यावरील चित्रणात रंग इतका उशिरा का आला, ह्याचे कारण प्रथम यांत्रिक आहे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेली ऑटोक्रोम काच ही बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत बुडवून तयार केलेली असे. रंग तिचे फार नाजूक, परंतु भर उन्हातही सेकंद-दोन सेकंद समोरच्याने हलू नये अशी तिची अट. रस्त्यावर कोण हलत नाही? पुढे १९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म निघाली. तिचे जनक दोघे, दोघांचेही नाव लिओपोल्ड, आणि दोघेही पेशाने संगीतज्ञ! तीही आरंभी फार मंद होती, आणि प्रकाशाचा अंदाज थोडा चुकला की चित्र गेलेच. ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली व ती धुऊन देणारी शेवटची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस थांबली. आज ह्या अडचणी नाहीत. किंबहुना नवशिक्याची अडचण आज नेमकी उलटी आहे. काहीच वाया जात नाही, म्हणून काहीच टाकावेसे वाटत नाही.

टाकावे कसे हे सॉल लायटरकडून शिकावे. हा १९२३ मध्ये पिट्सबर्ग येथे जन्मला. वडील ज्यू धर्मशास्त्राचे मोठे पंडित; मुलानेही तीच गादी चालवावी म्हणून त्यास धर्मपाठशाळेत घातलेले. १९४६ मध्ये तो ती पाठशाळा सोडून चित्रकार होण्यासाठी न्यूयॉर्कला निघून गेला, आणि वडिलांना ते कधीच रुचले नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एक तरी कथा असेल. १९४८ च्या सुमारास त्याने रंगीत फिल्म हाती घेतली व आपल्या घराभोवतालच्या मोजक्या रस्त्यांत वर्षानुवर्षे चित्रे काढली. त्याचे १९५७ मधील एक चित्र पाहावे. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या फळ्यांनी झाकून टाकलेला आहे. मधल्या एका चिरेतून तेवढा रस्ता दिसतो, आणि जो काही रंग आहे तो त्या चिरेत. अन्यत्र ओघळलेली काच, बर्फाने पांढरा झालेला रस्ता, आणि त्यात एखादीच तांबडी छत्री. एवढी सगळी जागा मुकी ठेवण्याचे धैर्य ज्यास आहे, त्याच्या हातात एक तांबडा ठिपका पुरेसा होतो. ह्या चित्रांपैकी पुष्कळशी अनेक वर्षे छापलीही गेली नाहीत. त्यांचे पुस्तक निघाले ते २००६ मध्ये, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.

परंतु लायटरचा मार्ग जसाच्या तसा रविवार पेठेत चालत नाही, हे पुतणीने दोन महिन्यांत अनुभवले. आपल्याकडे मुकी जागा आहेच कोठे? तेव्हा तिने रघुबीर सिंगांचा अभ्यास आरंभिला. जयपूर येथे १९४२ मध्ये जन्मलेल्या ह्या प्रकाशचित्रकाराने आपले सारे महत्त्वाचे काम रंगातच केले; गंगा, कलकत्ता, राजस्थान, केरळ, बनारस अशी एकामागून एक पुस्तके काढली आणि १९९४ मध्ये मुंबईवरही एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९९८ च्या आपल्या संग्रहातील दीर्घ निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, भारतीय दृष्टी ही मुळातच रंगांतून पाहणारी आहे. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा हा सिद्धांत आम्हांस थोडा अतिव्याप्त वाटतो; भित्तिचित्रांबरोबर आपल्याकडे काळ्या पाषाणाचे शिल्पही आहेच. परंतु चित्रांपुढे सिद्धांत विसरावयास होतो. लायटर चौकट रिकामी करतो. सिंग ती काठोकाठ भरतात आणि तरीही सांडू देत नाहीत. खांब, आरसा, दुकानाची काच, अँबॅसडर मोटारीची खिडकी अशा कशाने तरी ते चौकटीचे खण पाडतात, आणि प्रत्येक खणात एकेक माणूस आपापल्या रंगानिशी आपले काम करीत असतो. आपल्या एकत्र कुटुंबासारखेच हे. गर्दी आहे पण प्रत्येकाचा कोपरा ठरलेला आहे.

पुतणीने मग आपली रीतच बदलली. पूर्वी ती माणसाच्या मागे जाई. आता ती जागेशी जाऊन उभी राहते. बोहरी आळीच्या एका वळणावर फिकट हिरव्या चुन्याची एक भिंत आहे व दुपारी चारनंतर तिच्यावर समोरच्या पत्र्यावरून परतलेले मऊ ऊन पडते. त्या एका भिंतीसमोर ती आठवड्यातून तीन दिवस, असे सबंध चार महिने उभी राहिली. भिंतीचा रंग तिला पाठ झाला; कोणत्या रंगाचा माणूस तिच्यापुढून गेला असता उठून दिसेल आणि कोणता बुडेल हे कॅमेरा न उचलताच कळू लागले. शेकडो चित्रांतून दोन ठेवली. आमच्या मते ह्या चार महिन्यांत ती जितकी वाढली, तितकी मागील चार वर्षांत वाढली नव्हती.

दुसरी रीत घरातली. महिन्याच्या अखेरीस दहाबारा चित्रे छापून जेवणघराच्या भिंतीस लावावयाची आणि सर्वांनी पाहावयाची. ह्या परीक्षकांत मातुःश्रींचा अधिकार मोठा ठरला. तुळशीबागेतील एका चित्रात खरेदी करणाऱ्या दोघी बायका होत्या. पुतणीस त्यांच्या वस्त्रांच्या रंगांचा मेळ आवडला होता, इतकेच. मातुःश्री म्हणाल्या, “ही हिरव्या चुड्याची नुकती लग्न झालेली. आणि ही दुसरी तिची आई नव्हे, सासू. आईने एवढे लांब उभे राहून पाहिले नसते.” चित्र काढणारीस आपण काय काढले आहे ते तेव्हा समजले. तिने तेच चित्र पुन्हा छापताना कडेचा एक तांबडा फलक कापून टाकला, म्हणजे डोळा चुड्यावरून थेट त्या दोघींमधल्या अंतराकडे जाऊ लागला.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रश्न, तो परक्यांच्या चेहऱ्यांचा. हेलन लेव्हिट ही न्यूयॉर्कची प्रकाशचित्रकर्ती ह्या बाबतीत वारंवार आठवते. १९१३ ते २००९ असे दीर्घ आयुष्य तिला लाभले. गल्लीतील मुलांचे खेळ हा तिचा मुख्य विषय. काही वेळा ती कॅमेऱ्यास काटकोनात पाहणारी एक दुर्बीण लावी, म्हणजे समोरच्यास वाटे की बाई दुसरीकडेच पाहत आहेत. १९५९ व १९६० ह्या लागोपाठच्या वर्षी तिला रस्त्यावर रंगीत चित्रे काढण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९७० च्या सुमारास तिच्या घरी चोरी झाली व त्या रंगीत चित्रांपैकी बरीचशी गेली. ती पुन्हा त्याच रस्त्यांवर कॅमेरा घेऊन गेली, आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात तिची चाळीस रंगीत चित्रे पडद्यावर दाखविण्यात आली. विल्यम एगल्स्टनच्या ज्या रंगीत प्रदर्शनावर समीक्षक तुटून पडले ते ह्यानंतर दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, तेथेच भरले. हिरव्या मोटारीच्या चाकाशी हातपाय पसरून वाकलेली तिची ती मुलगी, १९८० मधील, आमच्या पाहण्यातील उत्तम रंगीत चित्रांपैकी एक होय. साठीपुढच्या बाईने गेलेले काम पुन्हा उभे करावे ह्याबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. ती काटकोनी दुर्बीण मात्र आम्हांस पटत नाही. समोरच्यास फसवून मिळविलेला सहजपणा कितीही सुंदर असला तरी उसना घेतलेला आहे, व उसने परत करावे लागते. पुतणीचे म्हणणे निराळे. विचारले की माणूस सावरून बसतो आणि चित्र मरते, असे ती म्हणते. ह्यावर आमच्या घरात एकमत झालेले नाही.

मंडईबाहेर एक फुलवाली बसते. पुतणीने तिचे चित्र दोनतीनदा न विचारता घेतले आणि एकदा ती पकडली गेली. बाई रागावली नाही. “काढायचा तर काढ पोरी,” ती म्हणाली, “पण हे लुगडं जुनं हाय. दसऱ्याला ये.” गेल्या दसऱ्यास पुतणी उजाडताच गेली. बाई नवे पातळ नेसून झेंडूच्या राशीत ताठ बसली होती, आणि ते पातळ नेमके झेंडूच्याच रंगाचे! चित्रात चेहरा आणि दोन हात तेवढे दिसतात, बाकी बाई राशीत विरघळून गेली आहे. पुतणी तेथेच रेंगाळली. दोन प्रहरी राशी संपल्या. ओल्या गोणपाटावर थोड्या पाकळ्या, निळ्या ताडपत्रीखाली निळसर पडलेला दमलेला चेहरा, मांडीवर नोटांची चळत, आणि सकाळी ज्वाळेसारखे दिसणारे ते पातळ त्या उजेडात विझलेल्या निखाऱ्यासारखे. ज्या निळ्या ताडपत्रीने वर्षापूर्वी तिची चित्रे नासविली होती, तिचा रंग ह्या वेळी तिने दुरुस्त केला नाही.

दोन्ही चित्रे छापून ती बाईकडे घेऊन गेली. बाईने पहिले पसंत केले. ते आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूच्या वर टांगलेले आहे. दुसरे तिने बराच वेळ पाहिले व परत दिले. “हे ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” ती म्हणाली, “पण पेपरात घालू नको.”

म्हणून ते ह्या मजकुरासोबत छापलेले नाही.